सासऱ्यांची गाडी मी दुरुस्त केली तेव्हा

माझे सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन ट्रंका, एक आरामखुर्ची आणि एक जुनी गाडी आली. ट्रंका आणि खुर्ची आपल्या पायांनी आल्या नाहीत, ते ठीकच आहे. पण गाडीही आपल्या चाकांनी आली नाही. ट्रकच्या मागे दोर बांधून तिला ओढत आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोटून दिली. सासूबाई गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. सासऱ्यांनाही बोलतं करणं तसं अवघडच झालं होतं. दिवसभर खुर्चीत बसायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे, तेही निम्मं.

एके दिवशी त्यांनी आपणहोऊन भंगारवाल्याला बोलावलं. त्याने ताडपत्री उचलली, आत डोकावला, टायरला एक लाथ मारली आणि "महिनाअखेरीला टेम्पो घेऊन येतो" असं सांगून गेला. सासरे म्हणाले, "बरं." माझ्या बायकोने स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी काही आपटायला सुरुवात केली की मी पेपर मिटून ठेवला. ती गाडी चालवायला शिकली होती ती याच गाडीवर, शेजारी वडील बसलेले असताना.

आता शहाण्या माणसाने पेपर पुन्हा उघडला असता. मी म्हणालो, "भंगारात कशाला? मी करतो ना चालू."

भांड्यांचा आवाज थांबला.

"तुम्ही?" बायको दारात येऊन म्हणाली. तिच्या आवाजात टिंगल नव्हती, खरीखुरी चौकशी होती. मागच्या वेळी मी बाथरूमचा गळका नळ दुरुस्त केला होता, तेव्हा आम्हाला पाहुण्यासारखं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागलं होतं.

"त्यात काय आहे? इंजिन म्हणजे शेवटी एक यंत्रच." (मी विमा कंपनीत कारकून आहे. माझ्या टेबलावरचं यंत्र म्हणजे स्टेपलर, आणि त्यातही पिना दुसरंच कुणीतरी भरतं.) "फक्त एक अट आहे. बाबा, तुम्ही मला काही सांगायचं नाही. चुकलो तरी नाही. मला स्वतः शिकायचंय."

सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, जावईबापू. नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं, पान्यांचा संच आणला आणि शेडमध्ये कामाला लागलो. सासऱ्यांनी आपली आरामखुर्ची शेडच्या दाराशी हलवली आणि बघत बसले. दिलेला शब्द त्यांनी असा पाळला की ऋषिमुनींनी मान खाली घालावी. मी बॉनेट उघडायला गेलो आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले. त्या दिवसापासून "हं" हाच आमचा संवाद झाला. आखूड "हं" म्हणजे ठीक चाललंय आणि लांब "हं" म्हणजे वाट लागली, असा अर्थ मी लावला होता. पुढे कळलं, ते बरोबर उलटं होतं.

पहिले काही दिवस नुसतं सोडवण्यात गेले. सोडवण्याचं काम फार सुखाचं असतं. त्यात चूक करता येत नाही. निघालेले नटबोल्ट मी नीट क्रमाने वाट्यांमध्ये मांडले होते. एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो तर शेडमध्ये एकही वाटी नाही.

"वाट्या कुठे गेल्या?"

"घासून आत ठेवल्या," बायको म्हणाली. "माझ्या मैत्रिणी आल्या होत्या."

"आणि त्यांतले नटबोल्ट?"

"तेही घासून ठेवलेत. डब्यात."

"कोणत्या डब्यात?"

"एकाच. सगळे सारखेच तर होते."

"त्यांना क्रम होता गं."

"वाट्यांनाही होता. तो माझा चांगला सेट आहे."

पुढचे कितीतरी दिवस मी एकेक बोल्ट हातात घेऊन, वधूपित्याने स्थळ शोधावं तसा त्याला भोक शोधत हिंडत होतो. शेवटी सगळी भोकं भरली आणि तरी मूठभर बोल्ट उरले. समोरच्या घरातले काका कुंपणावरून बघत होते. आमच्या गल्लीत त्यांना 'सल्लागार' म्हणतात. त्यांनी उभ्या जन्मात सायकलसुद्धा बाळगलेली नाही, पण सल्ला देण्याच्या आड त्यांनी ते कधी येऊ दिलं नाही.

"उरायचेच," ते म्हणाले. "कंपनी जास्तीचेच देते. शर्टाला नाही का आतून एक बटण जास्तीचं असतं?"

मला ते इतकं पटलं की मी उरलेले बोल्ट कपाटात शर्टांजवळच ठेवले.

"हं," सासरे म्हणाले. आखूड.

मग कार्बोरेटर आला. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा हा भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा, असं पुस्तकात होतं. कशात बुडवावा ते नव्हतं. हाताशी आलेल्या पातेल्यात मी तो बुडवला, आणि नंतर ते पातेलं साबणाने स्वच्छ धुतलं. तीनदा धुतलं, हे मी आजही कोर्टात सांगायला तयार आहे. ते दुधाचं होतं, एवढं मात्र मला माहीत नव्हतं.

सकाळी चहाचा पहिला घोट सासऱ्यांनी घेतला. तो त्यांनी तोंडात बराच वेळ ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि गिळला. मग बायकोने घेतला आणि ती उठून थेट मोरीकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पातेलं होतं. तिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "हे आता तुमचं." त्या दिवसापासून मी चहा बाहेर पिऊ लागलो. ऑफिसातही साहेबांनी माझं टेबल खिडकीशी हलवलं आणि माझ्या आसपास कुणी काडी पेटवू नये, असं तोंडी फर्मान काढलं.

पण हे सगळं किरकोळ. खरा पराक्रम मी तेल बदलताना केला.

इंजिनातलं जुनं तेल खालचा बोल्ट काढून सोडून द्यायचं आणि वरून नवं ओतायचं, इतकं ते सोपं काम. मी गाडीखाली सरपटत गेलो. एक जाडसा बोल्ट दिसला, तो सोडला. माझ्या बाहीतून शिरून काखेपर्यंत तेल आलं, उरलेलं पातेल्यात पडलं (माझ्याच). बोल्ट लावला, वरून नवं तेल पूर्ण ओतलं. दाराशी "हं" ऐकू आलं. इतकं आखूड की मला वाटलं, शाबासकीच आहे.

नवी बॅटरी जोडून मी किल्ली फिरवत राहिलो. गाडी खोकली, खाकरली, आणि चक्क सुरू झाली. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, पण तो कुणाला दिसला असेल असं वाटत नाही, कारण मलाच दिसला नाही. मागून पांढरानिळा धूर असा काही निघाला की आधी शेड गेली, मग अंगण, मग गल्ली. धडाधड खिडक्या मिटल्याचे आवाज आले. कुणीतरी अग्निशामक दलाला बोलवा म्हणत होतं. सल्लागार काका कुंपणावरून "पाणी ओता, पाणी" म्हणत होते, आणि त्यांनी स्वतःच बादली ओतली, ती अचूक माझ्यावर. गाडीने एक आचका दिला आणि ती बंद पडली. धूर विरला तेव्हा दोरीवर वाळत घातलेले आमचे सगळे कपडे एकाच रंगाचे झाले होते आणि बायको त्यांच्यामध्ये उभी होती. तीही त्याच रंगाची.

तिने हातातला टॉवेल माझ्याकडे दिला आणि आत गेली. मी टायरला टेकून जमिनीवर बसलो. खरं सांगायचं तर रडू येत होतं. चार दिवसांनी टेम्पो येणार होता.

"बाबा," मी म्हणालो, "मी हरलो. आता बोला तुम्ही."

"नक्की?"

"नक्की."

सासरे खुर्ची पुढे ओढून बसले, घसा साफ केला. "तुम्ही सोडलंत ते गिअरबॉक्सचं तेल. इंजिनाचं तेल आत होतं तसंच होतं. त्यावर तुम्ही आणखी तितकंच ओतलंत. भरल्या पोटी जेवायला बसवलंत तिला."

"तुम्ही हे बघत होतात?"

"बघायला मनाई नव्हती. बोलायला होती."

"निदान खुणेने तरी सांगायचं."

"आखूड 'हं' म्हणत होतो की."

आणि मग ते जे बोलायला लागले ते थांबेनात. बोल्टांबद्दल बोलले, कार्बोरेटरबद्दल बोलले, एकदा भर पावसात घाटात प्लग ओले झाले तेव्हा सासूबाईंनी ते पदराने कसे पुसले होते, ते सांगताना मध्येच थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा प्लगांवर आले. चार दिवस मी पाने देत होतो आणि ते बोलत होते. जेवताना बोलत, दात घासताना बोलत. कपाटातले बोल्ट शर्टांजवळून परत आले आणि एकेकाला घर मिळालं. बायको एकदा शेडच्या दारात येऊन नुसती ऐकत उभी राहिली. नंतर तिने मला आतून चहा आणून दिला. मी तिच्याकडे बघितलं, तर ती म्हणाली, "नवीन पातेलं आहे." त्याच दिवशी तिने भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी सगळं तयार झालं. फक्त माझ्या आधीच्या प्रयत्नांनी किल्लीसरशी इंजिन फिरवणारा स्टार्टर पार जळून गेला होता.

"हरकत नाही," सासरे म्हणाले. "ढकलून सुरू करू. पण मध्ये बंद पडली तर पुन्हा ढकलावी लागेल, तेव्हा आज कुठे थांबायचं नाही."

बायको स्टिअरिंगवर बसली, सासरे तिच्या शेजारी बसले. ढकलणार कोण, यावर चर्चा झाली नाही. रस्ता उताराचा होता तरी गाडी जुन्या काळच्या लोखंडाची होती. मी खांदा लावला, डोळे मिटले आणि गल्ली, चौक, शाळेची भिंत असं सगळं मागे टाकत ढकलत राहिलो. "सोड क्लच," सासरे ओरडले. गाडीने एक गचका दिला, गुरगुरली आणि स्वच्छ, गोड आवाजात चालू लागली. धूर नाही, खोकला नाही. मी रस्त्यावर पालथा पडलो, पण आनंदाने.

वळसा घेऊन ते दोघं परत माझ्याजवळून गेले. बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, छान चाललीये." पुढच्या फेरीला सासरे म्हणाले, "जावईबापू, इंजिन नवीन झालंय." तिसऱ्या फेरीला मागच्या सीटवर सल्लागार काका बसलेले दिसले. ते चालत्या गाडीत कसे चढले, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी मला हात केला. मग गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

मी गुडघे झटकले आणि लंगडत घराकडे निघालो. एक स्कूटरवाला शेजारी येऊन हळू झाला. माझे काळे हात, फाटलेली पँट त्याने बघितली.

"काय हो, गाडी बंद पडली वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "चालू झाली. म्हणून तर चालतोय."