परशाण्णा स्पेनला का गेले नाहीत

घराबाहेर पडताना परशाण्णा आधी दोन्ही चपला उलट्या करून झटकत, आत विंचू नाही याची खात्री करून घेत, आणि मग चपलांकडे बघत मान लववून 'ग्रासियास' म्हणत. ग्रासियास म्हणजे स्पॅनिशमध्ये धन्यवाद. बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या गल्लीत मराठी, कन्नड, हिंदी आणि वेळ पडली तर कोकणीसुद्धा बोलणारी माणसं होती. चपलेशी स्पॅनिशमध्ये बोलणारे परशाण्णा मात्र एकटेच.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहायचे आणि प्राथमिक शाळेत शिकवायचे. चौथीच्या वर्गाला धाकात ठेवायची सवय, त्यामुळे भित्र्या माणसांचा मला मुळातच राग. आणि हे तर भित्र्यांचे शिरोमणी. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते स्टोअरकीपर होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी भट्टीतून ओतलेला लोखंडाचा रस त्यांनी पाहिला आणि जी स्टोअरची खोली गाठली, ती निवृत्तीपर्यंत सोडली नाही. शेजारच्या घरात कुकर चढला की हे आपल्या अंगणात येऊन उभे राहत. वीज, कुत्री, इंजेक्शन, लिफ्ट, फटाके, भरलेली विहीर आणि कोरडी विहीर, सगळ्याला घाबरत. लग्न केलेलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर सांगत, "बाई, माझी एकट्याची काळजी करताना मी दमून जातोय. आनि एक मानूस आलं म्हंजे तिचीबी करायला नको?"

स्पॅनिश आली तीही भीतीपोटीच. आमच्या भागात त्या काळी भाषेचं वारं सारखं सुटायचं. आज पाट्यांना डांबर, उद्या बंद, परवा दगड. परशाण्णा बहिणीकडे निपाणीला गेले होते, तेव्हा स्टँडवर एकानं त्यांना कन्नडमध्ये किती वाजले विचारलं. यांनी कन्नडमध्ये सांगितलं. शेजारी उभ्या दोन मराठी पोरांनी डोळे वटारले. घाबरून यांनी तीच वेळ मराठीत सांगितली, तर तो पहिला माणूस डोळे वटारून बघायला लागला. परशाण्णा बहिणीकडे न जाताच मिळेल ती बस पकडून परत आले. येतानाच त्यांनी ठरवलं होतं.

"बाई, ज्या भाषेपायी हितं कुनी दगड उचलनार न्हाय, अशी एक तरी भाषा मानसाला याया पायजे."

कॅम्पात एका लष्करी साहेबाची बदली झाली होती आणि घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथं यांना इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्याला त्यांनी खाकी कव्हर घातलं, म्हणजे ते काय आहे ते कुणाला कळू नये. रोज सकाळी ते अंगणात उभे राहून मोठ्यानं धडे वाचत. स्पॅनिशमधला एक 'र' म्हणे जीभ थरथरवून म्हणावा लागतो. परशाण्णांनी त्याचा सराव सुरू केला की शेजारच्या मल्लाप्पाचे बैल गोठ्यात उठून उभे राहत. मल्लाप्पानं दोनदा येऊन विनवणी केली, तेव्हा हे घरात जाऊन, दार लावून थरथरायला लागले.

चारेक वर्षांत त्यांना बरीच भाषा आली असावी. असावी म्हणते, कारण खरं-खोटं करणार कोण? एक दिवस मी त्यांना डिवचलं, "अण्णा, घरात बसून भाषा येत नसते. ती बोलतात तिकडे जाऊन या की."

मला वाटलं होतं, ते हसण्यावारी नेतील. त्यांनी ते फार मनावर घेतलं. वाचनालयातून नकाशांची पुस्तकं आणली, रेडिओवर शॉर्टवेव्हची खरखर ऐकायला लागले, आणि दर रविवारी माझ्या कट्ट्यावर चहाला बसून, स्पॅनिश शिकणाऱ्या माणसानं कुठं जावं ते सांगायला लागले. मी या जन्मात बेळगाव-कोल्हापूरच्या पलीकडे गेलेली नव्हते, पण मला सालामांका पाठ झालं.

"लई शुद्ध बोलत्यात सालामांकात. जगातली पोरं थितं शिकायला येत्यात. फार जुनं विद्यापीठ हाय."

"मग जा."

"बैल पळिवत्यात ओ त्या देशात. रस्त्यानं. मानसांच्या मागं."

"ते सालामांकात का?"

"बैलाला काय गाव म्हाईत असतंय?"

स्पेन रद्द झाला. पुढच्या रविवारी ग्वातेमाला. "अँटिग्वा म्हनून गाव हाय बगा. थितली मानसं हळू बोलत्यात. शिकनाऱ्याला लई सोयीचं." मी छान म्हणाले. त्यांनी बशीतला चहा संपवला. "गावाच्या भवतीनं तीन ज्वालामुखी. आनि मानसं ही अशी, हळू बोलनारी. 'पळा' म्हनुस्तोवर काय ऱ्हातंय?"

पेरू देशातलं कुस्को त्यांना मनापासून आवडलं होतं, पण ते फार उंचावर. बेळगावच्या किल्ल्याच्या बुरुजावर त्यांना चक्कर आली होती. क्युबात सगळा तंबाखू. "निपाणीच ती, समुद्रात नेऊन ठिवलेली. मी आक्काच्या घरात गेलो की परत येस्तवर शिंकतोय, थितं काय हुईल?" अर्जेंटिनात नुसतं मांस खातात आणि चिलीत जमीन लांबट असल्यामुळे कुठूनही समुद्र जवळ. मेक्सिकोवर बरेच रविवार गेले. तिथं मिरची खातात, माणसं बोलकी आहेत, पाहुण्याला घरात ठेवून घेतात, असं सगळं जुळत आलं होतं. मग तिथं मोठा भूकंप झाला. मला वाटलं, आता हे येऊन 'बगा, म्हनलं न्हवतं' म्हणणार. ते आले, कट्ट्यावर बसले आणि चहाला हात लावला नाही. "धड्यातनं त्या रस्त्यांनी मी रोज फिरत हुतो, बाई," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी गावांची नावं काढणं बंद केलं. स्पॅनिश मुलूख संपला होता. मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं.

त्याच हिवाळ्यात लीना सिस्टर आमच्या शाळेत मुलांना तपासायला आल्या. हिंडलग्याच्या पुढे ख्रिस्ती जोगिणींचा एक छोटा दवाखाना होता, तिथल्या त्या. मूळच्या मंगळूरकडच्या, मराठी मोजून बोलणाऱ्या. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या मदरची गोष्ट सांगितली. मदर पिलार पोरवयात स्पेनमधून इकडे आल्या, साऱ्या आयुष्यात मराठी-कन्नड बोलल्या, खेड्यापाड्यांतल्या बायकांची बाळंतपणं केली. आता अंथरुणाला खिळल्या होत्या आणि एकेक करून सगळ्या भाषा विसरल्या होत्या. उरली ती फक्त लहानपणची. "दिवसभर प्रार्थना करतात. खूप पवित्र वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "पण जेवत नाहीत. काय हवं ते कळत नाही. त्यांची भाषा येणारे एक फादर मुंबईहून यायचे आहेत, पण ते कधी येतील काय माहीत."

मी म्हटलं, आमच्या गल्लीत एक आहेत.

परशाण्णांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. आजारी माणूस, दवाखाना, परकी बाई आणि हिंडलगा. हिंडलगा म्हणजे त्यांच्या लेखी फक्त तुरुंग. "मला पुस्तकातलं येतंय ओ. खऱ्या मानसासंगं कवा बोललो न्हाय," म्हणाले. चूक झाली तर? आपण चुकीचं औषध सांगितलं आणि मदर गेल्या तर? मी चौथीच्या वर्गातला आवाज काढला आणि रविवारी त्यांना बसमध्ये घातलं. तुरुंगाची भिंत आली तसे ते सीटवर खाली वाकले.

"काय झालं?"

"कुनी ओळखलं म्हंजे?"

"आतलं कोण ओळखतंय तुम्हाला?"

"म्हनूनच भ्या वाटतंय. कोन ते म्हाईत न्हाय."

दवाखान्यात फिनेलचा वास होता. कडेच्या खोलीत, लोखंडी खाटेवर, मुलीएवढी दिसणारी एक म्हातारी पडली होती. हात घट्ट जोडलेले, डोळे छताला, आणि ओठांतून सारखं तेच तेच पुटपुटणं. दोन सिस्टर पायथ्याशी हात जोडून उभ्या होत्या. "आता आम्ही बाहेर थांबतो," लीना सिस्टर हळूच म्हणाल्या. "मदर प्रार्थनेला लागल्या की आम्ही नेहमी दार ओढून घेतो. त्यांना व्यत्यय नको."

परशाण्णा उंबऱ्यातच उभे होते. पळतील म्हणून मी त्यांची बाही धरून ठेवली होती. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "प्रार्थना न्हाय ओ ही."

"मग?"

"मला भ्या वाटतंय म्हनत्यात. एकटीला टाकून जाऊ नका म्हनत्यात. तेवडंच म्हनत्यात, परत परत."

लीना सिस्टरनी ओढायला धरलेलं दार सोडून दिलं. मी कुणाला घाबरत नाही असं आयुष्यभर पोरांना सांगत आले, पण त्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस ती बाई भीती वाटते म्हणून सांगत होती आणि सगळ्यांनी भक्तिभावानं ऐकून, आवाज न करता दार लावून घेतलं होतं.

परशाण्णांनी माझ्या हातातून बाही सोडवली. खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसले, खाकरले, आणि "यो ताम्बिएन" म्हणाले. याचा अर्थ मी नंतर विचारला. मला पण, असा होतो.

मदरनी मान वळवली. मग बोलायला लागल्या त्या थांबेचनात. परशाण्णांना त्यातलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं, हे मला पाठीमागूनही दिसत होतं. ते मध्येच हात वर करून त्यांना थांबवत, हळू बोला म्हणत, दोन शब्द जुळवत, पुन्हा अडत. मदरनी त्यांचा हात धरला. जरा वेळानं सिस्टरनी पेज आणली, ती मदरनी घेतली. लीना सिस्टर भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.

त्या दिवसापासून खोलीचं दार कुणी लावलं नाही. पाळीपाळीनं कुणी ना कुणी सिस्टर तिथं बसायला लागली. आणि दर रविवारी परशाण्णा हिंडलग्याला जायला लागले. तुरुंगाच्या भिंतीशी वाकत होते, पण जात होते. तिकडे काय बोलता म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाय ओ. त्या कशाकशाला भितात ते सांगत्यात. मग मी माझं सांगतो."

पुढं उन्हाळ्यात पुन्हा भाषेवरून पेटलं. त्या रविवारी बंद होता. बस नाही, रिक्षा नाही, चौकात टायर जळत होते आणि कुठल्या गल्लीतून दगड येतील याचा नेम नव्हता. आम्ही सगळे दारं लावून बसलो होतो. दुपारी मी परशाण्णांना हाक मारली तर त्यांच्या दाराला कुलूप. ज्या माणसाला कुकरची शिट्टी सोसत नाही, तो या दिवशी जाणार कुठं? शेजाऱ्यांकडे चौकशी केली, मागच्या गल्लीतही बघून आले. कुणीच त्यांना पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला ते आले. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, गुडघ्यापर्यंत धूळ, एका चपलेचा अंगठा तुटलेला. हिंडलग्यापर्यंत चालत जाऊन चालत परत आले होते. मी त्यांना कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मग तोंडाला येईल ते बोलले. डोकं फिरलंय का, कुणी धरलं असतं तर, आमच्या जिवाला घोर, सगळं बोलून घेतलं. ते खाली मान घालून पाणी पीत राहिले. शेवटी मीच दमले आणि विचारलं, "अण्णा, भीती नाही वाटली?"

"लई वाटली की, बाई," परशाण्णा म्हणाले. "पन सांगायला मानूस हुतं."