नऊ शेर शिसं

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि त्या तळ्यात शिसं होतं. काठावर पूर्वी अस्वलाचा बॅटरीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे प्रगती, म्हणून कुणी काही बोललं नाही. पुढे अस्वल कारखाना गुंडाळून गेलं, शिसं तेवढं ठेवून गेलं.

तळ्याकाठी डोहीबाई पाणमांजर राहायची. तिच्या पिल्लाचे मागचे पाय लुळे पडत चालले होते. पाणमांजराचं पिल्लू, आणि त्याला पोहता येईना.

मग तंतूमामा नावाच्या कोळ्याने कोळशापासून नॅनोनळ्यांचा पडदा विणला. नळ्या इतक्या बारीक, की मुंगीलाही दिसू नयेत. पाणी गाळून परत तळ्यात जायचं, शिसं नळ्यांना चिकटून राहायचं. आठवड्याने पडदा आम्लाने धुवायचा आणि धुवण टेकडीवरच्या पक्क्या खड्ड्यात बंद करायचं, हे त्याने बजावून सांगितलं.

तळं शुद्ध करायची मोहीम निघाली आणि तिचे प्रमुख अर्थातच कोल्हेसाहेब झाले. दर सोमवारी धुवणातलं शिसं मोजून फलकावर लिहायचे आणि तंतूमामांना शाल द्यायचे. पहिल्या सोमवारी नऊ शेर. दुसऱ्या सोमवारी नऊ शेर. विसाव्या सोमवारीही नऊ शेर. काय ते सातत्य! पिल्लाचे पाय मात्र होते तसेच.

एकदा डोहीबाई पडद्यामागे डोकावली. साहेबांची माकडं धुवण तळ्यातच ओतत होती. खड्डा लांब होता, शिवाय चढणीवर.

"साहेब, हे तर तेच शिसं आहे," ती म्हणाली.

"तेच आहे म्हणून तर आकडा घसरत नाही, बाई," साहेबांनी प्रेमाने समजावलं.

तेव्हापासून दर सोमवारी धुवणाच्या घागरी डोहीबाईने स्वतः खड्ड्यापर्यंत वाहिल्या. पाठ सोलून निघाली. शिसं सहा शेरांवर आलं, मग दोन, मग काहीच नाही. काही दिवसांनी पिल्लाने बुडी मारली आणि थेट पलीकडच्या काठाशी डोकं वर काढलं. डोहीबाई ढसाढसा रडली.

जंगलात हाहाकार उडाला. मोहीम अपयशी ठरली. तंतूमामांच्या शाली काढून घेतल्या, डोहीबाईवर चौकशी बसली. मोहिमेला शिसं कमी पडू नये म्हणून अस्वलाला वाजतगाजत परत आणलं.

पुढच्या सोमवारी अठरा शेर भरलं. टाळ्या चालू असताना डोहीबाईने पिल्लाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आजपासून पाण्यात उतरायचं नाही."

तात्पर्य: पाणी जरूर शुद्ध करत राहावं, बाळांनो, ते शुद्ध होऊ मात्र देऊ नये.