पहिला पाव

नवऱ्यामुलाच्या बापाने केकचं खोकं काउंटरवर ठेवलं आणि झाकण उघडलं. पाववाले काका भट्टीतून ट्रे काढत होते, ते हात पुसत पुढे आले. केक पांढराशुभ्र, दोन मजली, कडेने साखरेची फुलं. आणि मधोमध गुलाबी, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'लवकर बरे व्हा.'

"हे काय आहे?"

"अक्षर छान आलंय," काका म्हणाले.

"अहो, आज लग्न आहे माझ्या मुलाचं! सून मघापासून विचारतेय, यांना नक्की झालंय तरी काय म्हणून!"

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. तिथे पाय मोडून पडलेल्या शाळामास्तरांना, म्हणजे पन्नाशीच्या ब्रह्मचारी माणसाला, 'दोघांच्या सुखी संसारासाठी शुभेच्छा' पोचल्या होत्या. मास्तर नर्सबाईंकडे बघत होते आणि नर्सबाई केकच्या पावतीकडे.

केकवर नावं घालायचं काम काकूंचं. एकतीस वर्षांत काकूंकडून साधी वेलांटी चुकली नव्हती. काका जिना चढून वर गेले. बेकरीच्या डोक्यावरच त्यांचं बिऱ्हाड होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या. हातात क्रीमची पिशवी, अंगात स्वेटर, डोळे मिटलेले. खालच्या भट्टीने फरशी अशी तापली होती की मांजरसुद्धा तिथे बसायचं नाही, आणि काकूंना थंडी वाजत होती.

"अहो, चुकलं का काही?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"छे, काही नाही," काका म्हणाले आणि जिन्यात येऊन उभे राहिले. आपली बायको आपल्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे, हे त्यांना त्या दिवशी जिन्यात उभं असताना पहिल्यांदा लख्ख कळलं.

काकूंना थायरॉइड होऊन नऊ वर्षं झाली होती. गोळीच्या बाबतीत काका घड्याळासारखे काटेकोर. सहाला उपाशीपोटी गोळी आणि पाणी, पुढे तासभर चहासुद्धा नाही. सातच्या ठोक्याला काका स्वतः वर यायचे ते पहिला पाव घेऊन. भट्टीतून निघालेला पहिला पाव दुकानात जायचा नाही. त्याचं कुरकुरीत टोक कापून, लोणी लावून काकूंना द्यायचं, हा लग्नाच्या आठवड्यापासूनचा नेम होता. काकू खायच्या, काका पाच मिनिटं समोर बसायचे आणि मग खाली जायचे ते रात्री दुकान बंद करूनच वर यायचे.

एवढं सगळं व्यवस्थित असून रक्ताचा रिपोर्ट मात्र दर वेळी बिघडलेला. डॉक्टरीणबाईंनी पन्नासची गोळी पंचाहत्तर केली, मग शंभर, मग सव्वाशे, आता दीडशे. काकू होत्या तशाच. केस गळत होते, पोट फुगत होतं, वर खुर्चीत बसून केकवर नाव घालता घालता त्यांचा डोळा लागत होता.

काकांना संशय आला की ही गोळ्या घेतच नसावी. त्यांनी गोळ्या मोजल्या, त्या बरोबर निघाल्या. मग त्यांना वाटलं, घेते आणि थुंकते.

"तोंड उघड."

"अहो, काय हे!"

"जीभ वर कर."

काकूंनी जीभ वर केली. जिभेखाली गोळी नव्हती. डोळ्यांत मात्र पाणी होतं. काकांनी दोन्ही पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची भरपाई म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून एका टोकाऐवजी तीन जाड तुकडे द्यायला सुरुवात केली. अशक्तपणा आहे, खाल्लं पाहिजे! काकू निमूटपणे खायच्या आणि तासाभराने पोट धरून आडव्या व्हायच्या.

अशात काकूंच्या मोठ्या बहिणीने, ताईंनी, त्यांना आठ दिवस आपल्याकडे नेलं. ताईंनी गुडघ्यांपायी पाव-बिस्किटं कधीचीच सोडली होती. त्यांच्याकडे दोन्ही वेळा भात आणि भाजी. सहाव्या दिवशी काकांनी फोन केला तर मागे कोणीतरी खळखळून हसत होतं.

"कोण आलंय?" काकांनी विचारलं.

"कोण येणार? तुमचीच बायको हसतेय," ताई म्हणाल्या.

काकांनी फोन ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर बसले. इथे दोन वर्षांत जी हसली नाही ती तिकडे सहा दिवसांत हसते. तिकडे काय नाही जे इथे आहे? काकांनी सरळ हिशोब मांडला आणि त्याचं उत्तर आलं, मी. औषध काय करणार? आजार तर रोज सातला जिना चढून वर जातोय. भट्टीवरच्या कारागिराने त्या दिवशी त्यांना रडताना पाहिलं. काकांनी कांद्याचं कारण सांगितलं. बेकरीत कांदा नव्हताच.

काकू परत आल्या आणि पंधरा दिवसांत पुन्हा कोमेजल्या. मग काकांनी मन घट्ट केलं.

"तू ताईंकडेच राहा," ते खाली बघत म्हणाले. "तुला तिथे मानवतं."

"कायमची?"

"बरं वाटेपर्यंत."

"केक चुकले म्हणून का हो?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात खालून कारागिराने हाक मारली, काका जिन्याकडे वळले आणि 'नाही' म्हणायचं राहून गेलं. काकूंना वाटलं, आपण आता कामाच्या उरलो नाही. त्यांनी स्वतःच बॅग भरली.

पण काकांचा जीव कुठला राहायला! दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी दूधवाल्याच्या गाडीवर पहिला पाव ताईंकडे रवाना केला, फडक्यात बांधून, लोण्याच्या डबीसह. काकू रोज तो फडक्यातला पाव हातात घ्यायच्या, थोडं रडायच्या आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खायच्या. तीन आठवड्यांत त्या तिकडेही आजारी पडल्या.

काका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांना निम्मं दुःख होतं आणि, खोटं कशाला बोला, निम्मा दिलासाही होता, की आजार म्हणजे आपण नव्हे.

"तिकडे आधी बरं वाटलं आणि मग बिघडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मधे काय बदललं?"

"काही नाही. उलट मी रोज इथून ताजा पाव पाठवतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या खेपेला आठ दिवस पाठवला होता?"

"नाही, तेव्हा नव्हता..." काका बोलता बोलता थांबले.

रक्त तपासलं, मग आतड्याचा तुकडा तपासला. काकूंना गहू सोसत नव्हता. गव्हाने आतड्याचं अस्तर इतकं खराब केलं होतं की वेळेवर घेतलेली गोळीसुद्धा अंगी लागत नव्हती. यापुढे पाव, बिस्किटं, केक, सगळं बंद. पोट सुधारलं की गोळी जास्त लागू पडेल, तेव्हा मात्रा हळूहळू कमी करत आणावी लागेल. आणि पिठाने माखलेल्या कपड्यांनी घरात वावरायचं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एकतीस वर्षं मीच."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काका बाहीवरचं पीठ झटकायला लागले.

चार महिने ताईंकडे काढून काकू घरी आल्या. गालांवर रंग होता, गोळी शंभरवर उतरली होती. दुसऱ्या दिवशी सातला काका नळाखाली आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वर आले. हातात काहीच नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते न कळून त्यांनी ते आधी खिशात घातले, मग मांडीवर ठेवले.

"पाव खाल्ला की दुखायचं, हे तुला कळलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"कळलं होतं. पाच-सहा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तुम्ही दिवसा एकदाच वर यायचात. पाव द्यायला. पाव नको म्हटलं असतं तर आला असतात?"

'आलो असतो' म्हणणं सोपं होतं. काकांनी तोंड उघडलंही. पण समोरची बाई पाच वर्षं पोट धरून पाच मिनिटं विकत घेत होती, तिच्याशी खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"नसतो आलो," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली. त्यांना राग आला नाही. फक्त डोळे भरून आले, आणि काकांचेही. दोघं समोरासमोर बसून काही वेळ तसंच रडले. मग खालून करपल्याचा वास येऊ लागला.

"अहो, पहिली भट्टी करपतेय."

"हो."

"मग जा ना!"

काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "करपू दे," ते म्हणाले. "तू ताईंकडे कशाला हसत होतीस, ते सांग आधी."