सगुणा गिऱ्हाइकाचं नाव घेत नाही

आमच्या शेजारची सगुणा गिऱ्हाइकाचं नाव तोंडाने घेत नाही. थट्टा नव्हे, खरंच घेत नाही! तिची सोलं, म्हणजे आमसुलं, मोबाइलवरून मागवतात लोक, पार नागपूरपर्यंत जातात. पण कुणाकडे जातात, ते इब्रामपुरात एकाही माणसाला ठाऊक नाही. मलाही नाही. आणि पार्सलं पेडण्याच्या कुरियरवर नेतो कोण? मीच!

"ह्या कोणाक गो?" मी विचारतो.

"कमी मीठवाली."

"आणि ह्या?"

"दोनदा इचारणारी."

मोबाइलातसुद्धा हीच नावं. खरं नाव आणि पत्ता चिठ्ठीवर, चिठ्ठी लोणच्याच्या बरणीत, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. पार्सल पोचल्याचा निरोप टिंग करून आला, की चिठ्ठी चुलीत आणि नंबर मोबाइलातून गायब.

"अगो, तेच गिऱ्हाईक परत आलं तर?"

"परत सांगात. तेच्या घरचो पत्तो तो, माझ्या घरात कित्याक ऱ्हवात?"

आता हे खूळ आलं कुठून, तर ऐका. सगुणा जुन्या रीतीची, नवऱ्याचं नाव न घेणारी. गोवा राज्य झालं त्या साली ती लग्न होऊन आली. नवरा माझा लहानपणचा दोस्त. विश्राम म्हणू या त्याला. खरी नावं छापली तर सगुणा मला उंबरा चढू देणार नाही. वीस वर्षांमागे विश्राम भावाशी भांडून घर सोडून गेला, तो गेलाच. ना पत्र, ना फोन. सगुणाने कपाळाचं कुंकू पुसलं नाही आणि त्याचं नावही घेतलं नाही. मतदार यादीवाल्याने दारात येऊन नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती 'दादा' म्हणून मला हाक मारते. मी नाव सांगायचं, तिने मान हलवायची. तीच रीत तिने गिऱ्हाइकांना लावली. म्हणते, "इस्वासान नाव दिल्यानी माका. तां काय गावभर वाटूक?"

एका वर्षी मे महिन्यात आभाळ धरलं आणि तिच्या अर्ध्या सोलांना बुरशी आली. नेमका तेव्हाच मांद्र्याचा एक गृहस्थ गाडी घेऊन आला. पाहुण्यांना खोल्या देण्याचा त्याचा धंदा.

"वहिनी, तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर द्या. बदल्यात सोलं सुकवायचं यंत्र देतो. ऊन नको, काही नको!"

यंत्राचा फोटो बघून सगुणाचे डोळे असे चमकले, की मी म्हटलं, आज बरणी उघडते! किती सोलं मावतात, वीज किती खातं, सगळं विचारून घेतलं तिने. मग म्हणाली, "तुमच्याकडे ऱ्हवाक येतत त्यांचीं नावां माका देशात?"

"छे छे! पाहुण्यांची नावं कशी देणार?"

"मगे चाय घेवा."

यंत्र गेलं! ती परत अंगणात, चटईवरची सोलं उलटत.

माझ्यावरसुद्धा तिचा भरवसा असाच. पिशवीत पत्त्याची बाजू आत. मी एकदा चिडून म्हटलं, "मला वाचता येतं म्हणून लपवतेस ना?"

"तुका खंय येता? म्हणान तर तुझ्याकडे दितंय."

हे लागलं मला! दुसरीपर्यंत शिकलोय मी. बसवरची पाटी वाचतो, पेपरातला मोठा मजकूर वाचतो, बारीक असला तर जरा वेळ लागतो इतकंच. तीन दिवस तिच्या अंगणात पाय ठेवला नाही. चौथ्या दिवशी पार्सलं साठली, म्हणून गेलो. तिच्यासाठी नव्हे, सोलांसाठी.

तर त्या दिवशी कुरियरवाल्याने शेवटचं पार्सल फिरवून फिरवून बघितलं. "काका, हे जायचं नाही. पत्ता आहे, पिन आहे. नावच नाही."

सगुणाची चूक? शक्यच नाही! त्याने फोन लावला, आवाज मोठा करून.

"बाई, नाव राहिलं. सांगा."

पलीकडून नुसतं चटई ओढल्याचं ऐकू आलं.

"बाई, ऐकू येतंय ना?"

"येता."

"मग सांगा की!"

"माझ्यान जावचा नाय." आणि वर, "दादा असा मां थंय? दादाक इचार. तेका ठावक असा."

मला? मला कुठलं ठाऊक असायला? आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. टेबल धरून मी म्हटलं, "घाल. विश्राम बाबलो."

तो लिहीत होता आणि मी पत्ता बघत होतो. एकेक अक्षर लावलं. घर नंबर, गल्ली, गाव. सगळा वाचला, स्वतः!

बसमधून उतरलो तो धावतच. "सगुणे! सापडला! उद्याच्या गाडीने निघूया, मी येतो सोबत!"

ती सोलं उलटत राहिली. "सात पुटांचीं मागल्यान," म्हणाली. सोलं रसात बुडवायची, सुकवायची, तसं सात वेळा. हे फक्त त्यांच्याच घरात करतात. "अजून सात देतंय काय, बघूक मागल्यान आसतलो."

"मग चल ना!"

"पत्तो गिरायक म्हणान दिल्यान, दादा. घोव म्हणान नाय."

मी भांडलो, ओरडलो, नवऱ्यावरचा तिचा हक्क सांगितला. ती एकच म्हणाली, "बरणीत सगळीं सारकीं."

चार दिवसांनी मी तिथेच चहा पीत होतो, तर मोबाइल टिंग वाजला. पार्सल पोचलं. तिने फडकं सोडलं, चिठ्ठी काढली. नावाच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. मग चुलीत टाकली आणि ती पुरती जळेपर्यंत बघत राहिली. नंबरही पुसला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, थंय तू पत्तो वाचलंस काय? वाचलं आसलंस, तर मी इचारलंय तरी सांगू नको. नायतर मी जायन."

घर नंबर, गल्ली, गाव, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. आजही आहे.

"मी?" म्हटलं. "माका वाचूक खंय येता गो?"