शांतता मागणारे काळमेघ मास्तर

आमच्या जरीपटका वस्तीतल्या गल्लीत सगळ्यात मोठा आवाज शांतता मागणाऱ्या माणसाचा आहे. काळमेघ मास्तर शाळेत पीटी शिकवायचे. रिटायर झाले, पण मैदान गळ्यातच राहिलं. "आवाज कमी करा गा," असं ते पानठेल्यावर म्हणाले की चौकातली कबुतरं उडतात.

आमची ओळख बाजारात झाली. माझी मुलगी ओवी ऑटिस्टिक आहे. गोंगाट तिला सोसत नाही. त्या दिवशी हॉर्न ऐकून ती कान दाबून रस्त्यातच बसली. बघे जमले. मास्तरांनी त्यांना अशा आवाजात हाकललं की ओवी आणखीच किंचाळली.

दुसऱ्या दिवशी मास्तर दारात येऊन काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, "मले माहीत नव्हतं वं पोरी. आता याच्याहून किती हळू बोलू?"

मग मी सगळंच सांगितलं. थेरपी सेंटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं पोचेपर्यंत ओवी इतकी थकते की शिकणं राहूनच जातं. आसपासच्या आणखी चार-पाच घरांची हीच गत.

"समाजभवन दुपारी रिकामंच असते," मास्तर म्हणाले. "थेरपीवाल्या ताईलेच इकडे आणू."

आम्ही सगळे पालक मास्तरांसोबत भवनाच्या समितीकडे गेलो. भवन लग्नासाठी आहे, असं ते म्हणत होते. मास्तर उठले आणि कुजबुजत बोलले. त्यांना असं बोलताना कोणी पाहिलंच नव्हतं. तब्येत बिघडली असावी, या काळजीनं समितीनं चावी देऊन टाकली. कापडवाल्यानं जाड निळे पडदे दिले. शेजारच्या बँडवाल्यानं आपली दुपारची प्रॅक्टिस सकाळी नेली. ताई दर बुधवारी यायला लागल्या.

आता बुधवारची दुपार म्हणजे वेगळीच दुनिया. पडद्यांतून गाळून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत असतं. कोणी एकाच सुरात गुणगुणतं, कोणी रंगीत मणी ओंजळीतून सांडत बसतं. ओवी ताईंनी टांगलेल्या झोक्यावर डोलत राहते, जणू खूप लांबच्या गावाला निघाली आहे.

गोंगाट होऊ नये म्हणून मास्तर दाराशी बसतात. एका बुधवारी पाहिलं, तर भिंतीला टेकून गाढ झोपलेले. ताईंनी त्यांना उठवू दिलं नाही. जागे झाले तेव्हा ओशाळले.

"रात्री झोप नाही झाली का, काका?" मी विचारलं.

"घरी लय शांत असते वं," ते चटईवर हात फिरवत म्हणाले. "मास्तरीण गेली तेव्हापासून. कान लावून पडून राहतो नुसता. इथं हे पोरं गुणगुणून राहिले, तं वाटते घरात कोणी आहे."

मग म्हणाले, "शुक्रवारी बी उघडू का भवन?"

"शुक्रवारी ताई नाही येणार."

"नाही येऊ दे. तुमी या पोरांले घेऊन."

शुक्रवारी आम्ही सगळ्या आया मुलांना घेऊन गेलो. मास्तरांनी चटया कधीच्याच अंथरून ठेवल्या होत्या.