उदगीर जिल्ह्याचा फ्लेक्स

उदगीर जिल्हा होणार, ही बातमी वर्षातून दोनदा तरी येते आणि सगळ्यात आधी शिवमूर्तीच्या फ्लेक्सच्या दुकानात पोचते. जिल्हा होण्याआधीच तो केल्याबद्दलचं अभिनंदन छापायला टाकायची पद्धत आहे. पुढारी डिझाईन करून घेत, जिल्हा काही होत नसे, आणि त्यांचे हसरे चेहरे कॉम्प्युटरवर पडून राहत. डिस्क तुडुंब भरली. त्या वर्षीच्या दुष्काळात गावात भरलेलं असं तेवढंच होतं.

शेवटी शिवमूर्तीने एक प्रोग्राम लिहिला. दुकानातल्या प्रत्येक फाईलच्या नावातच कार्यक्रमाची तारीख असे. डिस्क भरत आली, की तारीख उलटलेल्या फायली जागा होईपर्यंत आपोआप कायमच्या पुसल्या जाणार. वाढदिवस झाला, फाईल गेली; पहिल्या खेपेला तेवढ्यानेच जागा झाली. आनंदाने त्याने बायकोला, दानम्माला, पेढा भरवला.

एक मेच्या सकाळी मुंबईहून कुणाचा तरी फोन आला, की आज जिल्हा जाहीर होतोय. झालं, गाव पेटलं. शिवमूर्तीचा गाळा ज्यांच्या मालकीचा, ते सिद्रामप्पा धोतर सावरत पळतच आले. त्यांचे हाडवैरी व्यंकटराव यांचा फ्लेक्स लातूरहून निघाला होता, आणि चौकात ज्याचा फ्लेक्स पहिला त्यानेच जिल्हा आणला, असा इकडचा हिशोब.

"माझा आधी लागला पायजे," सिद्रामप्पा म्हणाले. "न्हाई लागला तर गाळा खाली कर."

"अप्पा, डिझाईन तयार हाय. नुसतं बटण दाबायचं हाय."

तेवढ्यात बाकीचे पुढारीही आपापले नवे फोटो घेऊन धडकले. अप्पांचं बटण राहिलं बाजूला, शिवमूर्ती उत्साहाने एकेक फोटो कॉम्प्युटरवर घेत गेला. डिस्क भरत आली आणि प्रोग्राम कामाला लागला. जिल्ह्याचे सगळे फ्लेक्स कधीतरी सव्वीस जानेवारीसाठी केलेले, नावात तारीख तीच राहिलेली. सगळे पुसले गेले. उरलं फक्त पुढच्या आठवड्यातलं एक बारसं.

शिवमूर्ती नव्याने डिझाईन करायला बसला, तर लाईट गेली. बाहेर हलगी कडाडली आणि चौकात व्यंकटरावांचा फ्लेक्स चढला, 'नूतन जिल्ह्याचे शिल्पकार'. तारीख उलटली म्हणून फाईल पुसली गेली, एवढं ऐकून सिद्रामप्पा उठून गेले. दानम्मा सामान बांधायला लागली.

संध्याकाळी टीव्हीवर बातम्या संपल्या. जिल्ह्याचं नावसुद्धा निघालं नाही. टँकरच्या रांगेतल्या बायका व्यंकटरावांना थांबवून विचारू लागल्या, "शिल्पकार, कलेक्टर हापिस कुठं बांधलाव?" व्यंकटराव स्वतःच शिडी शोधत फिरत होते.

दुकानाच्या दारात सिद्रामप्पा पुन्हा उभे. शिवमूर्तीने गाळ्याची किल्ली पुढे केली. त्यांनी ती परत त्याच्या हातात ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

"पंधरा ऑगस्टला जिल्हा नक्की होणार हाय म्हणतेत. माझा फ्लेक्स करून ठेव."

"करतो की, अप्पा. पंधरा ऑगस्ट तारीख टाकू?"

सिद्रामप्पांनी चौकाकडे एकवार बघितलं.

"न्हाई," ते हळूच म्हणाले. "मागचीच टाक."