हप्त्यावरील जकातीची मोहीम

श्री. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी जालना प्रांती जे महायुद्ध घडले त्याचा मजकूर पुढिलांस कळावा, आणि एकोणसाठ रुपयांकरिता शिकलेले मनुष्य कोठवर जाते हेही कळावे, याकरिता ही हकिगत यथामति लिहिली. वाचणारांनी खुशाल हसावे.

वाटुरास मुकुंदराव गुरुजी म्हणोन थोर पुरुष होऊन गेले. त्यांनी शाळेतून निवृत्त होतेसमयी कर्ज काढोन मोटारसायकल घेतली, आणि दरमहा तिजवर स्वार होऊन जातीने जालन्यास जावे, सावकार कंपनीच्या कौंटरवर हप्ता रोख मोजावा, मग तेथील मंडळींसमवेत चहा घ्यावा आणि माघारी यावे, ऐसा शिरस्ता ठेविला. आषाढमासी गुरुजी कैलासवासी जाहले. मग गाडी आणि उरले हप्ते त्यांची कन्या शरयूबाईसाहेब यांजकडे आले. बाईसाहेब औरंगाबादेस एका महाविद्यालयात ग्रंथपाल, शनिवारी-रविवारी मातोश्री विमलबाईंपाशी वाटुरास मुक्काम. ग्रंथ बहुत वाचलेले, त्यायोगे दुनियेतील यच्चयावत विषयांवर मत तयार. व्यवहारज्ञानाचा खजिना मात्र रिकामा. मायलेकी घरी असता भाजीविषयी बोलत, लाइट गेल्याविषयी बोलत, गुरुजींचे नाव कोणी काढीत नसे.

जालन्यास जावयास आपणांस फुरसत नाही ऐसे बाईसाहेबांनी जाहीर केले आणि संगणकावरून हप्ता भरण्याचा बेत केला. तेव्हा कंपनीचे फर्मान पडद्यावर उमटले, की येथून हप्ता भरणाराने सुविधा शुल्क म्हणोन एकोणसाठ रुपये वर द्यावे. हे वाचताच बाईसाहेबांचे मस्तकी अग्नी संचरला. खंडणी देणे कबूल, परंतु ती पोचविण्याची जकातही देणारानेच भरावी, हा कोठला न्याय! मग गनिमी कावा योजिला. रकमेच्या चौकटीत हप्त्याहून एकोणसाठ कमी लिहिले, म्हणजे जकात मिळवोन बेरीज नेमकी हप्त्याइतकी झाली, आणि गनीम ठकला ऐसे समजोन स्वहस्ते आले घालोन चहा केला. पुढील महिन्यांसही हीच युक्ती, हाच चहा.

गनीम काही ठकला नव्हता. त्याने प्रत्येक हप्ता अपुरा म्हणोन मांडिला, अपुऱ्यावर दंड चढविला, दंडावर दंड चढविला, आणि मार्गशीर्षातील एका शनिवारी वसुलीचे सरदार राजूरचे बद्रीनाथ यांस वाटुरावर रवाना केले. विमलबाई ओट्यावर मेथी निवडीत होत्या. बद्रीनाथांनी हेल्मेट काढिले आणि शेजारच्या साळूबाईंस भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू जाईल ऐशा आवाजात पुसिले,

“काकू, गुरुजी हैत का? हप्ता थकलाय त्यांचा.”

“ते न्हाईत.”

“मंग आले की सांगा. सोमवारपर्यंत भरा म्हनावं, न्हाई तर गाडी उचलायचा हुकूम हाय. माझा इलाज न्हाई, काकू.”

सरदार गेले. विमलबाई मेथी तैशीच टाकोन आत आल्या आणि कन्येपुढे उभ्या राहिल्या. बाईसाहेबांनी जकातीचे तत्त्व विशद करावयास आरंभ केला, तो मध्येच तुटला.

“उभ्या जन्मात त्यांनी किराणावाल्याची उधारी ठेवली न्हाई गं. अन् ते गेल्यावर तू त्यांना थकबाकीदार केलंस. साळूबाईनं ऐकलं. उद्या गाव ऐकंल.”

मग मातोश्रींचा हुकूम सुटला, की सोमवारी गाडी घेऊनच जालन्यास जावे आणि कंपनीच्या दारात उभी करावी. न्यावयाची तर आमचे देखत न्या, आणि ठेवावयाची तर गुरुजींच्या नावावरील डाग आजच पुसा.

सोमवारी प्रातःकाळी कूच जाहले. बाईसाहेब पुढे, मातोश्री पाठीमागे एका अंगाने बसलेल्या, मांडीवर पैशांची पर्स दोहो हातांनी धरलेली. वाटूर फाट्यावर गाडी बंद पडली. बाईसाहेबांनी किका मारिल्या, घाम गाळिला, आणि यंत्रविद्येवर वाचलेले सर्व आठवोन पाहिले. टपरीवरील मंडळींनी चहा खाली ठेवोन पाहणे चालविले. अखेर विमलबाईंनी खाली वाकोन पेट्रोलचा कॉक फिरविला.

“ते रोज फिरवायचे,” इतकेच म्हणाल्या.

मग गाडी सुरू जाहली आणि फौज रामनगरावरून पुढे सरकली. बाईसाहेबांनी वाटेत मोठे भाषण रचिले. त्यात खंडणीवरील जकात होती, ग्राहकाचे हक्क होते, आणि शेवटी कंपनीचे कारभारी शरमेने मान खाली घालतील ऐसे एक वाक्य होते. ते वाक्य त्यांनी हेल्मेटात दोनदा म्हणोनही पाहिले.

जालन्यास कंपनीच्या दारी गाडी उभी केली आणि दोघी आत गेल्या. कौंटरवर काकासाहेब म्हणोन कारभारी. बाईसाहेबांनी कर्जखात्याचा नंबर सांगोन भाषणास प्रारंभ केला आणि जकातीच्या अन्यायापावेतो आल्या, तोच काकासाहेबांनी पडद्यावरील नाव वाचिले आणि मुद्रा एकदम प्रसन्न जाहली.

“गुरुजींच्या घरचे का तुम्ही? अहो, हाईत कुठं ते? इकडं फिरकलेच न्हाईत. पैसे इंटरनेटवरून यायलेत, तवा आम्ही म्हन्लं, सर शिकले वाटतं ह्या वयात!”

येथे मजकूर खरा लिहिणे प्राप्त आहे. बाईसाहेबांस फुरसत बहुत होती. या कौंटरवर कोणी हेच पुसेल, या एका भयाने त्यांनी संगणकाचा आश्रय केला होता. औरंगाबादेस, वाटुरास, जेथे जेथे गुरुजी गेल्याचे सांगणे आले तेथे चुलत्यांनी सांगितले, तेराव्याच्या पत्रिकेने सांगितले. बाईसाहेबांच्या मुखातून ते वाक्य निघाले नव्हते. आता मातोश्री त्यांजकडे पाहात होत्या. रचिलेले भाषण सगळे हरपले, शरमेचे वाक्यही हरपले.

“बाबा आषाढात गेले,” बाईसाहेब म्हणाल्या. “हप्ते मी भरीत होते. चूक माझी आहे. त्यांच्याकडं काही थकलेलं नाही.”

काकासाहेब खुर्चीवरून उठले. काही वेळ ड्रॉवर उगाच उघडला, मिटला.

“बसा, काकू. ताई, तुम्हीबी बसा. चहा सांगतो.”

मग तह जाहला. अपुरे राहिले होते ते विमलबाईंनी पर्समधून मोजोन दिले. दंड माफ व्हावा म्हणोन काकासाहेबांनी वरिष्ठांस फोन लाविला, आणि बहुत हुज्जत घालोन माफ करविला. थकबाकीतून मुकुंदरावांचे नाव काढिले आणि ते काढल्याचे उभयतांस पडद्यावर दाखविले. संगणकावरील जकात कायम राहिली. ती उठविणे आपल्या हाती नाही, कौंटरवर भराल तर काही पडत नाही, ऐसे काकासाहेबांनी नम्रपणे कळविले. मोहिमेस पेट्रोल, नाश्ता आणि मातोश्रींच्या डोकेदुखीची गोळी मिळोन जो खर्च आला, तो जकातीहून किती अधिक, हा हिशेब बाईसाहेबांनी मांडू दिला नाही.

तिसरे प्रहरी फौज माघारी फिरली. शहर मागे पडताच विमलबाई पाठीमागून बोलू लागल्या. गुरुजी पहिल्यांदा ही गाडी घेऊन आले तेव्हा थेट तुळशीवृंदावनास कैसे धडकले, आणि मग शेजारी ऐकतील म्हणोन किती वेळ हू की चू न करिता पडून राहिले, ते सांगू लागल्या, आणि हसू लागल्या, आणि वाटूर येईपावेतो थांबल्या नाहीत. निम्मे वाऱ्याने नेले, निम्मे बाईसाहेबांस मिळाले. इतकी लूट पदरी पडोन मोहीम फत्ते जाहली, हे दफ्तरी दाखल.